पाटीचा दगड

लोर्ना टायसन आली तेव्हा मी 'प्रेमळ' कोरत होते,
एका निवृत्त पोस्टमास्तरसाठी. तो तसा नव्हता.

तिनं फोन बाकावर ठेवला, दगडाच्या भुकटीतच,
आणि गाणं लावलं.
केलन, वय एकोणीस, मोटरसायकल, हॉनिस्टरचा उतार:
एवढं साऱ्या खोऱ्याला ठाऊक होतं.
गाणं मला ठाऊक नव्हतं.
आधी नुसता यंत्राचा धपधपाट, मग एक पोरगा
नाकातून, नुकताच झोपेतून उठल्यासारखा:
*दार लावू नकोस मी डोंगरापलीकडेच आहे अंधार काय रस्त्याएवढाच तर लांब*
"हीच," ती म्हणाली. "आंघोळ करताना म्हणायचा.
सूर कधी लागला नाही."

चर्चच्या समितीचं उत्तर नवव्या दिवशी, जाड कागदावर:
स्मशानात रेडिओवरची गाणी नकोत.
धर्मग्रंथातलं वचन चालेल,
किंवा मान्यवर काव्य.

मान्यवर.
मी छिन्नी ठेवली, चहा तसाच सोडून बाहेर पडले.

भिंतीलगत, यू-झाडाखाली, ॲग्नेस बर्केट.
अठराशे एकवीस. वय सतरा.
बापानं मला अक्षरं शिकवली ती याच दगडावर,
माझं बोट धरून, खाचांतून फिरवत,
आणि त्याचं नखही माझ्यासारखंच काळं.
शेवाळ खरवडलं. खाली दोन ओळी:
*चंद्रा, जरा हळू. तिला अजून
दरीचा उतार नीट ठाऊक नाही.*

बाप सांगायचा, ही तेव्हाच्या कुणा तरण्या कवीची,
कर्जात बुडालेल्या, खोकणाऱ्या, केस वाढवलेल्या.
मुली म्हणे त्याचं पुस्तक उशाखाली ठेवत,
जत्रेत एका फिडलवाल्यानं त्याला चालही लावली,
आणि याच चर्चच्या पाद्र्यानं इथूनच बजावलं:
हे काव्य नव्हे, ताप आहे.
बाप पुष्कळ गोष्टी रचून सांगायचा.
ताप तेवढा खरा वाटतो.

मी ओल्या गवतात बसून राहिले.
तोच उतार. कुणी निघालेलं, कुणी दारात,
मध्ये रात्र, आणि रात्रीशी बोलायची तीच खोड,
जणू तिला कान आहेत.
दोनशे वर्षांत आम्ही काय केलं,
तर ढोल वाढवला.

घरी येऊन दगड मापला. अठरा इंच रुंद.
ओळ मावेना. अक्षर बारीक केलं तर
लोर्नाला चष्म्याशिवाय वाचता येणार नाही.
मग मोडली, जिथं जागा संपली तिथं:

*दार लावू नकोस.
मी डोंगरापलीकडेच
आहे. अंधार काय,
रस्त्याएवढाच
तर लांब.*

'आहे' एकटंच खाली उतरलं.
दुरुस्त करायला पेन्सिल उचलली होती.
मग राहू दिलं.
तिथं त्याला उभं राहायला जागा होती.

कच्चं रेखाटन समितीला धाडलं.
'कवी' या रकान्यात लिहिलं: एक तरुण.
रेव्हरंड ऑल्डरसनचा फोन आला, घसा खाकरत.
"सुरेख. त्याच काळातला ना? आपल्या सरोवरांकडचा?"
"आपल्या रस्त्यावरचा," मी म्हटलं.

खोटं बोलले का?
गाणारा पोरगा लीड्सचा की कुठला,
आमचा डोंगर त्यानं पाहिलेलाही नसेल.
पण ती ओळ इथून गेली होती,
ताशी सत्तर मैलांनी,
हेल्मेटच्या आत.

मे महिन्यात त्याचे दोस्त आले, पाच-सहा जण,
हातात बिअरचे डबे, बोलायला काही नाही.
जांभळ्या केसांची एक मुलगी उकिडवी बसली.
ओठ हलले. 'आहे'पाशी अडखळली,
मागं जाऊन पुन्हा म्हटलं, यावेळी थांबून.
मग उठली, पाय मोकळे करत फिरली,
आणि यू-झाडाखाली ॲग्नेसलाही त्याच चालीत म्हणून पाहिलं.
'चंद्रा' नीट बसला.
'ठाऊक नाही' थोडं ओढावं लागलं.

मी कुंपणाच्या अलीकडेच होते.
पोस्टमास्तरच्या शब्दाचं शेवटचं अक्षर
अजून अर्धं राहिलं होतं.